तेवीस नंबर हलला!

ठिकाण: विद्यापीठाचं कॅन्टीन. हललेले दगड: शून्य.

"दगड? मला दगड शिकवणार?" टॅनिस बॉयचुक इतकी हसली की हातातल्या कॉफीचं झाकण उडालं. "अरे डार्सी, मी सहा वर्षांची असल्यापासून दगड उचलतेय! डोळे बांधून पास होईन!"

हे वाक्य आज तिला परत गिळायला मिळालं, तर ती ते मीठसुद्धा न लावता गिळेल. पण बोललेलं वाक्य आणि उचललेला दगड... थांबा. ते पुढे येईलच.

टॅनिसला शाळेत बाई व्हायचं होतं. बालमानसशास्त्र झालं होतं, फळ्यावर सरळ रेषेत लिहायला येत होतं, घरापासून अर्ध्या तासावरच्या शाळेने सप्टेंबरपासून तिसरीचा वर्गही देऊ केला होता. अट एकच. पदवी हातात हवी. आणि पदवीसाठी विज्ञानाचा एक तरी विषय हवा. तो मात्र टॅनिसने चार वर्षं दाताच्या डॉक्टरसारखा पुढे ढकलला होता. आता उरलं होतं मे-जूनचं सहा आठवड्यांचं सत्र. रसायनशास्त्रात वास, भौतिकशास्त्रात गणित, जीवशास्त्रात बेडूक. राहिलं भूविज्ञान १०५.

या विषयाला अख्खं विद्यापीठ 'दगडांसाठी दगड' म्हणायचं. आइस हॉकीचा अर्धा संघ त्या वर्गात बसलेला असे, आणि उरलेला अर्धा गेल्या वर्षी त्यातून पास झालेला असे. गोलकीपर डार्सी यंदाच्या अर्ध्यातला.

"दगड तर आहेत," डार्सी म्हणाला. "पळून थोडेच जातायत?"

हे वाक्यही लक्षात ठेवा.

ठिकाण: प्रयोगशाळा. हललेले दगड: एक. (टॅनिसच्या पायावर.)

प्राध्यापक थॉर्लाकसन त्या जूनअखेर निवृत्त होणार होते. माणूस उंच, पण आयुष्यभर खाली बघून चालल्यामुळे मानेपासून पुढे वाकलेला. दगड ओळखायचा झाला की ते आधी भिंगातून बघत, मग नखाने ओरबाडत, आणि तरीही शंका राहिली तर सरळ चाटत.

"सर!" टॅनिस किंचाळली. "शेतातल्या दगडाला शेण लागलेलं असतं!"

"म्हणून तर आधी विचारून घेतो, कुठून आणला," थॉर्लाकसन शांतपणे म्हणाले. "बरं, हा कोणता?"

टॅनिसने दगड तळहातावर तोलला. "मधला."

"मधला?"

"म्हणजे दोन हातांचा."

वर्ग हसला. टॅनिसला कळेना, हसण्यासारखं काय आहे. कॅनडातल्या मॅनिटोबात दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि पोटातले दगड वर ढकलते. बर्फ वितळला की शेतात दगडांचं ताजं पीक उभं. गहू एखाद्या वर्षी दगा देईल, दगड कधीही नाही! म्हणून मे महिना आला की पेरणीआधी अख्खं कुटुंब दगड उचलायला निघतं, आजारी माणूससुद्धा ट्रॅक्टर तरी चालवतो. बॉयचुकांच्या घरात दगडांच्या जाती तीन: एका हाताचा, दोन हातांचा, आणि ज्याला पहार आणि डॅडच्या शिव्या अशा दोन्ही गोष्टी लागतात तो. ग्रॅनाइट, नाइस, डोलोमाइट ही नावं तिने पहिल्यांदाच ऐकली होती आणि ती तिला गायकांच्या चमूसारखी वाटत होती.

सत्राच्या मध्यावरच्या परीक्षेतला एक प्रश्न इथे देतो. मुद्दाम देतोय.

प्रश्न ७. खडकांना जागचे हलवणारे चार घटक लिहा. (गुण २)
टॅनिसचं उत्तर: वारा, पाणी, बर्फ आणि डॅड.
मिळालेले गुण: दीड.
लाल शाईतला शेरा: चौथ्याला पुरावा द्या.

एकूण गुण शंभरात एक्केचाळीस. पास व्हायला पन्नास लागत.

"डोळे बांधून दिलीस का गं?" डार्सीने विचारलं. त्याला त्रेपन्न होते आणि तो त्रेपन्न असलेल्या माणसाच्या सगळ्या उर्मटपणाने खुर्ची मागे रेलून बसला होता.

 तिसरीच्या वर्गातली छोटी छोटी बाकं टॅनिसच्या डोळ्यांसमोरून एकेक करून चालली होती. आता एकच आशा होती: शेतावरचा प्रकल्प.

ठिकाण: पुन्हा कॅन्टीन. हललेले दगड: अजूनही शून्य. (घात मात्र इथेच झाला.)

प्रकल्प समजावून सांगितला त्या दिवशी टॅनिस शाळेच्या मुख्याध्यापिकेला भेटायला गेली होती. परत आल्यावर तिने डार्सीला गाठलं.

"काय करायचंय?"

"सोपंय. पेनरबाई म्हणून कोणी आहेत, त्यांच्या कुरणात जायचं. शुक्रवारपर्यंत दगड निवडायचे. शनिवारी सर बस घेऊन येणार."

"सगळे दगड?"

"चाळीस आहेत. आपणही चाळीस. म्हणजे सगळेच निवडले जाणार की!"

आता हा शब्द बघा. निवडणे. हॉकीच्या पोराला निवडणे म्हणजे संघ निवडणे: तू सात नंबर, मी बारा नंबर. टॅनिसच्या घरात निवडणे म्हणजे तांदूळ निवडतात तसं शेत निवडणे: खडे बाहेर, ताट स्वच्छ. दोघंही आपापल्या घरच्या भाषेत शंभर टक्के बरोबर होते. नुकसान बहुतेक वेळा अशाच माणसांकडून होतं.

"चाळीसच?" टॅनिसचे डोळे चमकले. "अरे, ती मी एकटीच करून टाकते! सगळ्या वर्गाचं काम! सरांना कळू दे, बॉयचुकांची पोर काय चीज आहे!"

"एकटी? सगळ्यांचं?" डार्सीला त्यात आळसाचा सुगंध आला. "कर की. देवमाणूस आहेस तू."

ठिकाण: डॅडचं स्वयंपाकघर.

ओरेस्ट बॉयचुक पेरोगीच्या उकडलेल्या करंज्यांवर दही ओतत होता. हातातला चमचा तसाच राहिला.

"विद्यापीठात दगड उचलायला शिकवतात?"

"प्रकल्प आहे डॅड."

"मग हे मी तुला घरी काय शिकवत होतो? तेव्हा रडायचीस! पाठ दुखते, हात दुखतात, डॅड मला पियानोच्या क्लासला जायचंय!"

"डॅड, दगड वेचायचं यंत्र देतोस की नाही?"

"देतोस की नाही काय विचारतेस? मी येतो!" ओरेस्ट उभाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या अभ्यासात त्याला काहीतरी समजलं होतं. "त्या प्राध्यापकाला म्हणावं, काम असं करून देतो की पुन्हा कुरणात बघायला नको!"

आणि तसंच झालं. पुन्हा बघायला काही राहिलंच नाही.

ठिकाण: पेनरबाईंचं कुरण, शुक्रवार. हललेले दगड: मोजतोय.

पेनरबाई दारातच उभ्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, हातात पीठ, नजर ट्रॅक्टरमागच्या दगड वेचायच्या यंत्रावर.

"थॉर्लाकसनने पाठवलं?"

"हो, मिसेस पेनर."

"देवा रे! अक्कल आली म्हणायची एकदाची!" बाईंनी पिठाचे हात जोडले. "एकोणतीस वर्षं येतोय, पोरी. दर मे महिन्यात. आमच्या नवऱ्याने, हेन्रीने त्याला सांगितलं होतं, या कोपऱ्यातले दगड तुझे. अरे, तुझे तर ने की! पण नाही. येतो, ओणवा होतो, वहीत काही लिहितो, आणि एकही दगड न उचलता घरी जातो!"

"वाकवत नसेल त्यांना," टॅनिस सहानुभूतीने म्हणाली.

"हेन्री गेला तरी नेले नाहीत. शब्द दिलेला, म्हणून मी कोणाला हात लावू दिला नाही. उचला बाळांनो, उचला! मी फळांचा प्लाट्झ केक करते."

काम झपाट्याने सुरू झालं. पाचव्या मिनिटाला ओरेस्टने हाक मारली.

"टॅनिस! या दगडाच्या बाजूला पांढऱ्या रंगात आकडा आहे. सतरा."

टॅनिसने येऊन बघितलं. पुढच्यावर अठरा होता. त्यापुढच्यावर चार.

इथे क्षणभर थांबू. कोणी माणूस दगडावर रंगाने आकडा का घालेल? टॅनिस थांबली नाही, पण निदान आपण थांबू. बस्स. आता पुढे.

"सरांनी मोजून ठेवलेत डॅड! म्हणजे एकही राहता कामा नये!"

"पद्धतशीर माणूस दिसतोय," ओरेस्ट आदराने म्हणाला.

मग बापलेकींनी यादीच केली. एक सापडला, दोन सापडला, नऊ गवताखाली लपला होता तोही सापडला. जमिनीत ठोकलेल्या चार लोखंडी खुंट्या मध्ये मध्ये येत होत्या. टायर फाटतील म्हणून त्याही उपटल्या आणि पेनरबाईंना टोमॅटोच्या आधारासाठी देऊन टाकल्या. आणि कोपरा झालाच आहे तर उरलेलं कुरण तरी का सोडा? तेही निवडलं. राहता राहिला तेवीस नंबर.

तेवीस नंबर वासराएवढा होता आणि अर्ध्याहून जास्त जमिनीत होता. पहार वाकली. साखळी तुटली. ओरेस्टने युक्रेनियनमध्ये जे काही म्हटलं, त्यामुळे पेनरबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. दुसरी साखळी आणली. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली. ओरेस्टच्या पाठीतून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, आणि त्याच क्षणी तेवीस नंबर ढेकर दिल्यासारखा जमिनीतून बाहेर आला.

"हलला!" टॅनिस नाचायला लागली. "तेवीस नंबर हलला!"

मग खड्डे बुजवले. वरून दाताळं फिरवलं. संध्याकाळी ते कुरण असं दिसत होतं, की त्यावर कोणी निश्चिंत अनवाणी लग्न लावावं. कुंपणाशी तीनशे अकरा दगडांचा ढीग आणि ढिगाच्या पायथ्याशी, वर चढवता न आल्यामुळे तिथेच सोडलेला, तेवीस.

ठिकाण: तेच. शनिवार, सकाळी दहा.

बस थांबली. थॉर्लाकसन गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून उतरले. काखेत कापडी बांधणीची जाड वही. त्या वहीत एकोणतीस वर्षांच्या नोंदी होत्या, आणि आजची तिसावी म्हणजे शेवटची. वहीत शेवटचं एकच पान कोरं होतं. बरोबर एकच.

त्यांनी कुरणाकडे पाहिलं. मग बसच्या ड्रायव्हरकडे पाहिलं.

"शेत चुकलं का?"

"नाही सर!" टॅनिस पुढे आली. आदल्या रात्री आरशासमोर तिने हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं होतं. "चाळीसच्या चाळीस, सर! शिवाय दोनशे बहात्तर जास्तीचे!"

"जास्तीचे," थॉर्लाकसन म्हणाले.

"खड्डेसुद्धा बुजवले. कोणाचा पाय मुरगळायला नको."

"बुजवले."

 डार्सी बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

झोपेत कोणी मिशी उतरवलेल्या माणसासारखे थॉर्लाकसन चाचपडत ढिगापर्यंत गेले आणि एका दगडावर बसले. पेनरबाई प्लाट्झचं ताट घेऊन आल्या. "घे रे, घे! आज सण आहे आमचा!" त्यांनी एक तुकडा थॉर्लाकसनांच्या हातात कोंबला. तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"सर," टॅनिसचा आवाज आता बारीक झाला होता. "हे... उचलायचे नव्हते का?"

"हे दगड किती सरकतात ते मोजायचं होतं, टॅनिस. आपोआप. गारठ्याने. वर्षाला दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर. प्रत्येकाने एकेक निवडायचा आणि त्या खुंट्यांपासून मोजायचा."

"खुंट्या..." टॅनिस म्हणाली आणि तिने पेनरबाईंच्या टोमॅटोंकडे बघणं कसोशीने टाळलं.

"सगळे दगड दरवर्षी थोडे थोडे सरकायचे. एक सोडून." थॉर्लाकसनांनी वही उघडली. "तेवीस नंबर. पहिलं वर्ष शून्य. दुसरं शून्य. एकोणतीस शून्यं. यंदा हिवाळा कडक होता. वाटलं होतं, निदान यंदा..." ते थांबले. "तेवीस हलला का गं?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. टॅनिसची सरकली, आणि मिलिमीटरमध्ये नाही.

"हलला, सर," ती म्हणाली. "ट्रॅक्टरने."

"मी एकोणतीस वर्षं वाट बघत होतो."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं. टॅनिसला रागाची सवय होती, ती ओरेस्टची मुलगी होती. पण थॉर्लाकसन हे, गाडी निघून गेलेल्या फलाटावर माणूस वेळ सांगतो तसं म्हणाले.

"परत ठेवते सर! आत्ता! कोणता कुठे होता मला आठवतंय! निदान पहिले सहा!"

"परत टाकता?" पेनरबाई किंचाळल्या.

"नको," थॉर्लाकसन उठले. "जिथे दगड येतो ती त्याची जागा. जिथे आपण ठेवतो ती आपली." मग त्यांनी हातातल्या प्लाट्झकडे पाहिलं, तो आत्ताच हाताला लागल्यासारखा एक घास खाल्ला, आणि वर्गाला सांगितलं, "टेप काढा. दगड हललेत. आपलं काम मोजण्याचं आहे. मोजा."

आणि चाळीस पोरांनी मोजलं. कोणी हसलं नाही. बुजवलेल्या जागा अंदाजाने धरून, कुंपणापर्यंत टेप ताणून, एकेक.

वहीतलं शेवटचं पान:

दगड क्र. १. सरकला: एकसष्ट मीटर.
दगड क्र. २. सरकला: साठ मीटर.
दगड क्र. १७. सरकला: चव्वेचाळीस मीटर.
दगड क्र. २३. सरकला: अठ्ठेचाळीस मीटर.

त्या वहीत प्रत्येक पानाच्या उजवीकडे एक रकाना होता: 'कारण'. पहिल्या वर्षी तिथे लिहिलं होतं, 'गारठा'. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं, अठ्ठावीस पानांवर, एकच शब्द: 'वरीलप्रमाणे'. थॉर्लाकसनांनी पेन उघडलं. त्या माणसाने आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. आताही केली नाही. टॅनिसच्या देखत त्यांनी रकान्यात लिहिलं:

'टॅनिस आणि डॅड.'

ठिकाण: निकालाचा फलक.

सगळं मिळून टॅनिसला साडेएकोणपन्नास पडले. तिने दोनदा बेरीज केली. बरोबर होती. तिला अर्ध्या गुणाचं दुःख झालं नाही, उलट हायसंच वाटलं. नापास व्हायला हवंच होतं आपण. तिने मुख्याध्यापिकेला लिहायच्या पत्राची पहिली ओळसुद्धा जुळवली.

दुसऱ्या दिवशी तिची त्या मधल्या परीक्षेची उत्तरपत्रिका टपालाने घरी आली. प्रश्न सातवरचा दीड खोडला होता. तिथे दोन लिहिले होते. शेजारी लाल शाईत: 'पुरावा मिळाला.'

पन्नास. पास.

ओरेस्टने तिला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, पण पाठीमुळे जमलं नाही. टॅनिस ती उत्तरपत्रिका हातात धरून रडायला लागली. "पास झाली म्हणून रडतेय!" ओरेस्टने शेजाऱ्याला अभिमानाने सांगितलं. ते दगड उचलायचेच नव्हते, हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हीही सांगू नका.

ठिकाण: तिसरीचा वर्ग, आणि तिथून वीस मिनिटांवरचं कुरण.

टॅनिसबाईंच्या वर्गात मुलं विचारतात, दगड आपोआप हलतात का हो बाई? ती सांगते, हलतात. पण वाट बघायला लागते, आणि मध्ये हात घालायचा नसतो. एवढं बोलून ती खिडकीबाहेर जरा जास्तच वेळ बघते.

कारण एक गोष्ट ती कोणाला सांगत नव्हती. पहिल्याच वर्षी मे महिन्यात ती त्या ढिगापाशी गेली, तेवीस नंबरच्या शेजारी तिने एक खुंटी ठोकली (पेनरबाईंच्या टोमॅटोंमधलीच, विनंती करून परत मिळवलेली) आणि नव्या वहीत अंतर लिहिलं. दुसऱ्या वर्षी मोजलं: शून्य. तिसऱ्या वर्षी: शून्य. थॉर्लाकसनांना ती नाताळला कार्ड पाठवायची. त्यांचंही यायचं. दगडांचा विषय दोघंही काढत नसत.

चौथ्या वर्षी हिवाळा भयंकर पडला. मे महिन्यात टॅनिसने टेप लावला. पुन्हा लावला. मग चष्मा पुसून लावला.

सात सेंटिमीटर!

तिने तिथूनच, चिखलात गुडघे टेकून, फोन केला.

"सर! तेवीस नंबर हलला!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काय म्हणतेस?"

"सात सेंटिमीटर! मी खुंटी ठोकली होती, सर! तीन वर्षांपूर्वी! तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मोजत होते! दरवर्षी! तो हलला, सर!"

 थॉर्लाकसनांनी नाक शिंकरलं. "थांब. थांब हं. वही घेतो. माझ्या वहीत पान नाही, पण पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जागा आहे." कागदाची सळसळ झाली. "बोल. क्रमांक तेवीस. सात सेंटिमीटर..."

टॅनिसच्या मागे ट्रॅक्टर येऊन थांबला. ओरेस्ट खाली उतरला. पेनरबाईंना त्या दिवसापासून स्वच्छ कुरणाची चटक लागली होती, आणि दर मे महिन्यात प्लाट्झच्या बदल्यात त्या त्यालाच बोलावत.

"अगं, तू इथे?" ओरेस्ट म्हणाला. "बाजूला हो, आणखी एक खेप ओतायचीय. काल ओतताना त्या मोठ्या धोंड्याला यंत्राच्या बादलीचा जरा धक्का लागला बघ. पण हलवला शेवटी, पाठीला न विचारता!"

टॅनिसने फोन कानाशी तसाच धरला.

"लिहिलं," पलीकडून थॉर्लाकसनांचा आवाज आला. तो चार वर्षांपूर्वी वर्गातसुद्धा इतका तरुण कधी वाटला नव्हता. "आता शेवटचा रकाना. कारण?"

टॅनिसने डोळे मिटले.

"वरीलप्रमाणे, सर," ती म्हणाली.